तिसऱ्या हाकेचा माणूस

आमचे मालक फोन तिसऱ्यांदा वाजल्याशिवाय उचलायचे नाहीत. पहिल्यांदा वाजला की त्याच्याकडे असं बघायचे, जणू अंगणात दुसऱ्याची शेळी शिरलीय. दुसऱ्यांदा वाजला की नुसतं "हं" म्हणायचे. तिसऱ्यांदा वाजला की कानाला लावून एकदम शांतपणे, "बोला." या सवयीपायी त्यांचे किती व्यवहार बुडाले ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण उतारवयात एक भली बाई आपण होऊन त्यांच्या आयुष्यात येऊ बघत होती आणि याच सवयीपायी ती परत जायची वेळ आली, ते मात्र मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून सांगते.

मालक म्हणजे माझे घरमालक. पौड रस्ता सोडून आत गेलं की कासार आंबोलीत त्यांचं घर. रस्त्याकडचा जमिनीचा तुकडा त्यांनी शनिवार-रविवारच्या बंगलेवाल्यांना विकलेला, उरलेल्या खाचरांत इंद्रायणी भात, गोठ्यात एक म्हैस, आणि माडीवर आमच्यासारख्या नोकरदारांसाठी खोल्या. मी मूळची लातूरची. हिंजवडीतल्या कंपनीत नोकरी लागली, तिथली भाडी ऐकून डोळे पांढरे झाले, म्हणून रोज माण रस्त्यानं स्कूटर हाणत जाईन पण राहीन इथंच, असं ठरवून आले. मालकांचं वय साठीला टेकलेलं, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक सासरी सुखात. पांढरा सदरा, टोपी आणि गळ्यात दोरीला अडकवलेला मोबाईल. तो मोबाईल इतका वाजायचा आणि ते इतकं दुर्लक्ष करायचे, की मला पहिला आठवडाभर वाटलं, यांना ऐकूच येत नाही.

मग टाकी भरून वाहायला लागली. मोटर चालू, पाणी जिन्यावरून खाली, आणि मालक शेतात. मी फोन केला. वाजला, वाजला, बंद झाला. मी म्हटलं, कामात असतील, बघून करतील. तासाभरानं ते डोक्यावर गवताचा भारा घेऊन आले आणि पाण्यातून फचक फचक करत माझ्यासमोर उभे राहिले.

"मालक, मी फोन केला होता!"

"आला व्हता की. येकदा."

"मग उचलला का नाही?"

"येकदाच केलास म्हनून. मला काय ठावं तू हायेस का दुसरं कोन हाय?"

"अहो, त्यावर माझं नाव येतं!"

"नाव काय, कुनाचं बी घेतं ते," मालक म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

'ते' म्हणजे भूत. हे मला नंतर कळलं, म्हशीचं दूध काढता काढता त्यांनी सांगितलं तेव्हा. त्यांचा एक चुलता होता. तिन्हीसांजेला धरणाच्या पाण्याकडून त्याला कुणीतरी नावानं हाक मारली. त्यानं पहिल्याच हाकेला ओ दिली आणि हाकेच्या मागं चालत गेला. सकाळी सापडला तो गाळात मांडी घालून बसलेला. पुढं आयुष्यभर तो जेवताना शेजारच्या रिकाम्या ताटात कुणाला तरी वाढत राहिला. "म्हनून सांगतो पोरी, भूत येकदा हाक मारतं. लई तर दोनदा. तिसरी हाक मानसाचीच. भुताला येवढा दम नसतो."

हा नियम त्या भागात पुष्कळांना माहीत आहे. तिन्हीसांजेला, शेतातून, पाण्याकडून आलेल्या हाकेचा. मालकांची थोरवी अशी, की त्यांनी तो मोबाईलला लावला. मेसेजलासुद्धा. पहिला मेसेज आला की वाचायचा आणि ठेवून द्यायचा. दुसरा आला की थोडं सावध व्हायचं. तिसरा आला की उत्तर. आणि स्वतः कुणाला काही कळवायचं असेल तर तेही तीनदा. आमच्या फोनवर सकाळी सकाळी यायचं: "मोटर बंद करा." "मोटर बंद करा." "मोटर बंद करा." नव्या भाडेकरूंना वाटायचं, मालक भडकलेत. नाही हो, ते नुसते आपण माणूस असल्याचा पुरावा देत होते.

पार्सलवाल्यांचे हाल तर विचारू नका. एकदा फोन करून, कुणी उचलत नाही म्हणून, ते परत जायचे. माझा कुकर असा परत गेला, उशा परत गेल्या. शेवटी एक जण शिकला. फाटकाशी येऊन एका दमात ओरडायचा, "मालकमालकमालक!" मालक ओट्यावरूनच म्हणायचे, "आसं न्हाई. मधी श्वास घ्यायचा. भूत श्वास घेत न्हाई." आणि तो बिचारा उन्हात उभा राहून श्वास घेऊन घेऊन हाका मारायचा. जमिनीचे दलाल मात्र तीन काय तीस वेळा फोन करायचे. त्यांचं काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "दलाल भुताच्या वरताण. त्याला नियम लागू न्हाई."

आता आमच्या घराची एक गंमत. खोल्यांमध्ये रेंज नव्हती. रेंज यायची ती बाहेरच्या लोखंडी जिन्याच्या वळणावर. त्यामुळे माडीवरच्या सगळ्यांची प्रेमं, भांडणं आणि ऑफिसच्या मीटिंगा जिन्यावर व्हायच्या, आणि जिन्याखाली प्लास्टिकच्या खुर्चीत मालक तंबाखू मळत बसलेले असायचे. कुणाचं काय चाललंय हे त्यांना आमच्या पायांवरून कळायचं. पाय हलत असले तर बोलणं चालू. पाय गार पडले तर उत्तर आलेलं नाही.

माझे पाय त्या दिवसांत कायम गार. आईनं लग्नाच्या साइटवर नाव घातलंच होतं, पण मी माझं एक ॲपही टाकलं होतं आणि त्यावर एक जण भेटला होता. बाणेरला राहायचा, म्हणून बाणेरकर म्हणू. दोनदा कॉफी झाली. हसतो छान, बोलतो छान, समोर असला की जगात दुसरं कुणी नाही असं वागतो. आणि फोनवर? मी "पोचलास का?" लिहिलं की दुसऱ्या दिवशी अंगठा. मी मोठं काहीतरी मनापासून लिहिलं की "हम्म".

त्या "हम्म"वर आमच्या ऑफिसातल्या मैत्रिणींची जेवणाची अख्खी सुट्टी गेलेली आहे. आमची कमिटीच होती. कुणालाही कुणाला उत्तर पाठवायचं असलं की आधी मसुदा कमिटीपुढे. "हो चालेल" लिहायचं की "चालेल" की नुसतं "हो"? हसरा चेहरा टाकायचा का? टाकला तर दात दिसणारा की न दिसणारा? त्यानं दोन तास घेतले तर आपण चार घ्यायचे. आणि सगळ्यात कडक नियम असा, की उत्तर आल्याशिवाय दुसरा मेसेज करायचा नाही. केला की संपलं. किंमत गेली. आम्ही पगारदार, शिकल्यासवरलेल्या बायका, हे नियम सोवळ्यासारखे पाळत होतो आणि रात्री उशा ओल्या करत होतो.

एका संध्याकाळी मी जिन्यावर बसलेले. खालून आवाज आला.

"काय मॅडम, वाचलं का त्यानं?"

"वाचलंय. निळ्या रेघा आल्यात."

"मग ओ का दिली न्हाई?"

"बिझी असेल."

"जेवला असंल का?"

"असेल की."

"आंगूळ?"

"मालक!"

"न्हाई, इचारतोय. जेवाय येळ हाय, आंगुळीला येळ हाय, ओ द्यायला येळ न्हाई. आन् परवा त्यानं लिव्हलं व्हतं ते काय म्हनालीस? हम्म? आमची म्हस करती तसं?"

मी हसले, आणि मग मला रडू यायला लागलं. मालकांना बाईमाणसाच्या रडण्याची भीती वाटायची. ते घाईघाईनं म्हणाले, "आगं मग मार की अजून दोन हाका! येक मारून बसलीस तर त्यानं तुला वळखायचं कसं?"

"तसं करत नाहीत मालक. फार गरजू दिसतं."

"मग हायेसच की गरजू! घरापासनं येवढ्या लांब येकटी ऱ्हातीया, जोडीदार पायजे, गरज हाय. पाऊस न्हाई पडला तर आमी आभाळाकडं बगतो, तवा आमी कोन? गरजूच की! त्यात लाज कसली?"

त्या दिवशी मी कमिटीला न विचारता बाणेरकराला आणखी दोन मेसेज केले. मधे श्वास घेऊन. आणि खरंच, तिसऱ्याला उत्तर आलं! "अगं सॉरी, काय भयंकर आठवडा गेला! लवकरच भेटू." मी जिन्यावरून धावत खाली. मालकांनी मांडीवर थाप मारली. "बगितलंस? मानूसच निघाला!"

त्यानंतर तो जो गायब झाला तो झालाच. मी मालकांना जाब विचारला. ते तंबाखू थुंकून आले आणि म्हणाले, "ते निराळं. मानूस हाय येवढं ठरलं. चांगला हाय का वंगाळ, ते माझ्या नियमात येत न्हाई."

असे हे मालक. दुसऱ्याच्या प्रेमात त्यांना सगळं स्वच्छ दिसायचं.

आणि मग भात झोडून झाल्यावर, पेंढ्याच्या उडव्या रचून झाल्यावर, पौडला एका नात्यातलं लग्न आलं. मालक तिथं जेवायला बसले आणि भातावरून आचाऱ्याशी भांडले. हा इंद्रायणी नव्हे, आणि असला तरी कच्चा आहे, असं त्यांचं म्हणणं. सगळी पंगत त्यांना "गप बसा हो" म्हणत होती. तेवढ्यात समोरच्या पंगतीतून एक बाई म्हणाल्या, "बरोबर बोलत्यात ते. कच्चाच हाय. बोटानं दाबून बगा की." त्या माल्याच्या. मालेगाव नव्हे हो, आमच्या पौडच्या पुढचं माले. विधवा, पन्नाशीच्या पुढच्या, मूलबाळ नाही, थोडी शेती आणि गावरान कोंबड्या. मुळशीकडच्या रिसॉर्टांना अंडी पुरवायच्या. जेवणं झाल्यावर दोघं मांडवाबाहेर बराच वेळ भातावर बोलले. जाताना बाईंनी "अंडी लागली तर सांगा" म्हणून नंबर दिला आणि त्यांचा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक जिना चढून माझ्या दारात. आयुष्यात पहिल्यांदा. फोन माझ्यापुढे धरला. त्यावर बाईंचा मेसेज: "नमस्कार. घरी सुखरूप पोचले. भात कच्चाच होता. तुमचं बोलणं आवडलं."

"वाच की," मालक म्हणाले.

"वाचला."

"शेवटचं वाच."

"तुमचं बोलणं आवडलं."

"आजून येकदा वाच."

मी परत वाचलं. मालकांचे कान लाल झाले होते. मी म्हटलं, "मग? काय उत्तर दिलंत?"

मालकांनी फोन दोरीसकट सदऱ्यात टाकला. "पैलीच हाय."

मी कपाळावर हात मारला. मला वाटलं, थट्टा करतायत. कसली थट्टा! ते दुसऱ्या हाकेची वाट बघत होते. दिवस गेले. दुसरी येईना. मालक आधी बेफिकीर होते, मग गप्प झाले, मग चिडके. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आले तर जिन्याच्या वळणावर, माझ्या जागेवर, मालक फोन आभाळाकडे धरून उभे. पाय गार.

"ही बाई आत्ता हितं हाय म्हनतोय फोन. हाय का?"

"हो, ऑनलाइन आहेत."

"हाय! जागी हाय, फोन हातात हाय, आन् मला लिहीत न्हाई! मग करती काय?"

"अंडी विकत असतील."

मालकांना ते पटेना. त्यांनी मला परीक्षा घ्यायला लावली. माझ्या फोनवरून अंड्यांची ऑर्डर टाकायची, बघू ओ देते का. मी टाकली. जिना उतरायच्या आत उत्तर: "देते. किती डझन?"

"तुला पैल्या हाकंला ओ दिली!" मालक खालच्या पायरीवर बसले. "तुला! ओळख ना पाळख!"

पुढं ही परीक्षा आठवड्यातून दोनदा व्हायला लागली. दुधाच्या टेम्पोतून अंडी यायची. आम्ही सगळ्या माडीनं अंडी खाल्ली. भुर्जी, आमलेट, रस्सा. मालक एकेक अंडं उन्हाकडे धरून बघायचे आणि म्हणायचे, "ताजी हायेत. मनापासनं धाडतीया." मी कमिटीला सांगितलं, तर कमिटी एकदम कामाला लागली. बाई भाव खातायत, असा निकाल आला. मालकांनी स्टेटस ठेवावं, म्हणजे बाईंना आपण मजेत आहोत असं दिसेल. मालकांनी म्हशीचा फोटो ठेवला. बाईंनी तो बघितला. मालक धावत आले, "बगितलं तिनं!" आणि लगेच त्यांचा चेहरा पडला. "पन म्हशीला बगितलं. मला न्हाई."

मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. गावात कुजबुज सुरू झालीच होती, म्हातारा जिन्यावर चढून काय करतो म्हणून. आणि हा माणूस, जो मला गरजू असण्यात लाज नाही म्हणाला होता, तो दोन शब्द लिहीत नव्हता.

एकदा अंड्यांचा निरोप द्यायला मी बाईंना सरळ फोन लावला. त्यांनी उचलला.

"तुमी कासार आंबोलीच्या ना? तितलं ते टोपीवालं मालक बरं हायेत ना?"

"बरे आहेत की."

थोडा वेळ नुसत्या कोंबड्या ऐकू आल्या. मग बाई म्हणाल्या, "न्हाई, म्या निरोप टाकला व्हता. ओ आली न्हाई. वाटलं आजारी बिजारी हायेत का. बरं हायेत तर बरंच हाय."

"मावशी, तुम्ही परत एकदा लिहा ना."

"न्हाई गं बाय. बाईमानसानं आपन होऊन येकदा हाक मारली, लई झालं. मला बी मान हाय. आन् आता काय, भाऊ म्हनतोय तळेगावला ये ऱ्हायला. कोंबड्या काढाय लागलेय. तुमाला आजून अंडी पायजेल तर लवकर सांगा."

मी फोन ठेवला आणि गोठ्यात गेले. मालक म्हशीला पेंढा घालत होते. मी सगळं सांगितलं. तळेगाव, भाऊ, कोंबड्या. मालकांचा हात थांबला. पण तोंडातून काय निघालं? "नियम हाय, पोरी."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी म्हणाले, "मालक, आमच्या ऑफिसातला नियम काय, तर उत्तर आल्याशिवाय दुसरी हाक मारायची नाही. तुमचा नियम काय, तर तिसरी आल्याशिवाय उत्तर द्यायचं नाही. असल्या नियमांची दोन माणसं एकमेकांपुढं आली तर मरेपर्यंत बोलणार नाहीत! अहो ती बाई भूत आहे का? अंडी खाल्लीत ना तिची? भुताच्या कोंबड्या असतात का?"

मालक पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसले. टोपी काढली. म्हणाले, "भूत न्हाई ते ठावं हाय मला. पैल्या दिसापासनं ठावं हाय."

"मग?"

"भ्यालो, पोरी. बायको गेल्यापासनं मला हाक कोन मारतंय? दलाल मारत्यात. टाकी भरली की तुमी मारता. 'तुमचं बोलनं आवडलं' म्हनून कुनी मारली न्हाई. ऐकली आन् वाटलं, आपन ओ द्यायची, मागं जायाचं, आन् सकाळी लोकांनी बगायचं, म्हातारा गाळात बसलाय."

मी नुसती स्कूटरची किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली.

मालकांनी इस्त्रीचा सदरा घातला. नव्या इंद्रायणीची पिशवी भरली, ती मांडीवर घेऊन माझ्या मागं बसले, आणि पौड येईपर्यंत "हळू चालीव, तांदूळ हाय" एवढंच म्हणत राहिले. पौड सोडल्यावर तेही म्हणेनात.

माल्याला पोचलो तेव्हा तिन्हीसांज झालेली. बाईंचं घर रस्त्यापासून आत, खाचरांच्या पलीकडे. दारात दिवा. जाळीच्या खुराड्यातून कोंबड्यांचा आवाज. मी म्हटलं, चला. मालक बांधावरच थांबले. एकट्या बाईच्या दारात न विचारता कसं जायचं? आधी हाक मारायला हवी. आणि काय म्हणून मारायची, हेच त्यांना कळेना. नाव घ्यायचं तर तेवढी ओळख नाही. शेवटी तोंडाशी हात धरून त्यांनी हाक दिली, "ओ अंडीवाल्या बाई!"

काही नाही. दिवा होता तिथंच. दारातून सावली हलली, म्हणजे बाई घरात होत्या.

मालकांनी श्वास घेतला. "ओ बाई! म्या हाय, कासार आंबोलीचा!"

सावली थांबली. उत्तर नाही. कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

मालकांनी पिशवी उचलली. "ऐकलं तिनं. आन् ओ न्हाई दिली. बरोबर हाय तिचं. चल."

"मालक, तिसरी!"

"नगं. लई गरजू दिसतंया ते."

"मग दिसा की गरजू!" मी ओरडले. "आहात ना तुम्ही!"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मग त्या घराकडे तोंड केलं आणि जी हाक मारली ती हाक नव्हतीच, निम्म्यात आवाज फाटला, "बाई, भात घिऊन आलोय! जाऊ नगा तळेगावला!"

आणि आतून, लगेच, खणखणीत, "ओ!"

बाई बाहेर आल्या. मोबाईलची बॅटरी आमच्या तोंडावर मारत बांधापर्यंत आल्या. उंच, काटक, पदर खोचलेला. म्हणाल्या, "पैल्याच हाकंला ऐकलं व्हतं म्या."

"मग ओ का न्हाई दिली?" मालकांचा आवाज अजून बसलेला.

"तिन्हीसांजंला कोन पैल्या हाकंला ओ देतं व्हय? आयनं शिकीवलंय, तिसरी हाक मानसाची."

मालक माझ्याकडे वळले. त्या अंधुक उजेडातही मला दिसलं, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडभर हसू. "शानी हाय," ते माझ्या कानाशी म्हणाले, पण एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या वस्तीला कळलं असेल.

बाईंनी तोवर कमरेवर हात ठेवला होता. "आन् माझा निरोप वाचून बी गप ऱ्हायलात, ते का?"

मालक टोपी सारखी करत म्हणाले, "तुमची येकच आली व्हती."

आता बाईंच्या लक्षात आलं. "आरं देवा! फोनवर बी लावता व्हय ते? म्हंजे येवढं दिस मला भूत समजला तुमी?"

"मग तुमी मला आत्ता काय समजला?"

"भूतच की!" बाई म्हणाल्या, आणि दोघं असे हसायला लागले की खुराड्यातल्या कोंबड्या फडफडल्या. हसता हसता बाईंनी तांदळाची पिशवी त्यांच्या हातातून घेतली, एक चिमूट दाताखाली धरून बघितली आणि म्हणाल्या, "ह्यो खरा." मग दोघं बांधावरून पुढं-मागं घराकडे गेले. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

मी स्कूटरला टेकून उभी राहिले. मला फार बरं वाटत होतं आणि थोडं वाईटही, दोन्ही एकदमच. तेवढ्यात खिशात फोन थरथरला. बाणेरकर. इतक्या महिन्यांनी. "हाय! काय चाललंय?"

माझा अंगठा सवयीनं उत्तराकडे गेला. कमिटीला विचारू का, किती वेळ घेऊ, दात दाखवू की नको, सगळं डोक्यात एकदम सुरू झालं. आणि मग मला आठवलं, पहिलीच आहे. मी फोन परत खिशात टाकला.

"ए पोरी!" घरातून बाईंचा आवाज आला. "भाईर कशापायी थांबलीयास? आत ये, च्या ठेवलाय!"

"ओ! आले!" मी म्हणाले आणि बांधावरून निघाले.

आतून मालक कळवळून ओरडले, "आगं येडे, पैल्याच हाकंला ओ देतीस व्हय?"